शोमरोनी माणसाने काय काय केलं

सोमवार

बायबलमधल्या लूकच्या दहाव्या अध्यायात शोमरोनी माणसाचा दाखला आहे: लुटारूंनी मारून रस्त्यात टाकलेल्या माणसाला त्याने वाचवलं. तो वाचताना दर वेळी एक गोष्ट जाणवते. प्रभू येशूने त्यात तपशील वगळलेले नाहीत. शोमरोनी माणूस जवळ गेला, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं आणि तिथे थांबून काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी मालकाच्या हातावर दोन दिनार ठेवले. मत्तय 20:2 प्रमाणे एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे दोन दिवसांची कमाई. वर सांगितलं, जास्त खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा देईन.

रस्त्यावर राहणाऱ्या माणसांची सेवा करू पाहणाऱ्या मंडळीने (चर्चने) हे परत येण्याचं वाक्य सगळ्यात आधी मनावर घ्यावं. नाताळच्या आठवड्यात एकाच माणसासमोर चार-चार अन्नाची पाकिटं येतात आणि जानेवारीच्या मध्यात तिकडे कोणी फिरकत नाही. एका दिवसात दोनशे पाकिटं वाटण्यापेक्षा दर आठवड्याला तोच वार, तीच वेळ, तोच रस्ता धरून दहा माणसांना भेटणं जास्त मोलाचं आहे. तिसऱ्या-चौथ्या भेटीपर्यंत बहुतेक माणसं नीट बोलतही नाहीत. आश्वासनं देऊन नाहीसे झालेले लोक त्यांनी पुष्कळ पाहिलेले असतात, त्यामुळे ते आधी वाट पाहतात. ज्या मंडळीला वर्षभर दर आठवड्याला जमणार नाही, तिने महिन्यातून एकदाच जावं, पण तो दिवस चुकवू नये.

गटात तिघं किंवा चौघं पुरेत. आठ-दहा जण एकदम आले की समोरच्याला घेरल्यासारखं वाटतं. एकाने बोलायचं, एकाने सामान सांभाळायचं, एकाने आजूबाजूला लक्ष ठेवायचं. बायका राहतात तिथे गटात बाई असायलाच हवी.

बुधवार

आंधळा बार्तीमय हाका मारत होता. त्याला काय हवंय ते सगळ्या गर्दीला दिसत होतं. तरी येशूने त्याला विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? (मार्क 10:51) विचारणं हीच सेवेची पहिली पायरी, कारण रस्त्यावर आलेल्या माणसाच्या वाट्याला निवड करण्याचे प्रसंगच उरत नाहीत. काय खायचं, कधी उठायचं, कुठे बसायचं हे सगळं दुसरेच ठरवतात.

समोरून जावं, पाठीमागून नाही. दोनेक मीटरवर थांबून नमस्कार करावा, आपलं नाव सांगावं आणि बसू का म्हणून विचारावं. तो बसलेला असेल तर आपणही खाली बसावं; उभं राहून बोललं की प्रेमाचं बोलणंही हुकमासारखं ऐकू येतं. अंथरूण, पुठ्ठे, पिशव्या ओलांडू नयेत, त्यांना हात लावू नये. ते त्याचं घर आहे. वयाने मोठ्या माणसाला अहो-जाहोच करावं. झोपलेल्याला पाकीट देण्यासाठी उठवू नये, कारण रात्री भीतीने जागं राहिलेली माणसं दिवसा झोपतात. श्वास मात्र नीट चालू आहे ना, हे पाहूनच पुढे जावं.

फोटो काढू नयेत. देणगीदारांना हिशेब हवा असेल तर वस्तूंचे आकडे द्यावेत, चेहरे देऊ नयेत. घरातून पळून आलेल्या बाईचा एक फोटो तिला मारणाऱ्या माणसापर्यंत तिचा ठावठिकाणा पोहोचवू शकतो.

गुरुवार

पिशवीत काय असावं, याबद्दल. जे द्याल ते त्याला दिवसभर अंगावर वागवायचं आहे, हे धरून चालावं. मोठं जाड पांघरूण पावसात भिजलं की वाळवायला जागा नसते आणि ते टाकून द्यावं लागतं. हलकं, लवकर वाळणारं कापड बरं. सगळ्यात जास्त मागणी पायमोज्यांना असते आणि दानात सगळ्यात कमी तेच येतात. त्यानंतर अंतर्वस्त्रं (नवीच, वापरलेली कधीही नाहीत), सॅनिटरी पॅड, साबणाची छोटी वडी, कंगवा, नेलकटर, लहान टॉर्च. एक झिप असलेली प्लास्टिकची पिशवी द्यावी, कागदपत्रांसाठी. ओळखपत्र भिजलं किंवा चोरीला गेलं की दवाखाना, निवारा, नोकरी सगळीकडे अडतं, आणि नवं काढायला पत्ता मागतात. तुमची मंडळी टपालासाठी आपला पत्ता वापरू देत असेल, तर ते अनेक पांघरुणांपेक्षा मोठं दान आहे.

दारूचा अंश असलेलं माउथवॉश देऊ नये. व्यसनाशी झगडणाऱ्यासाठी ते संकट ठरतं. अन्न मऊ असावं, कारण अनेकांचे दात गेलेले किंवा दुखरे असतात. गरम अन्न 60 अंश सेल्सिअसच्या वर राहील अशा डब्यात न्यावं आणि बाहेर काढल्यावर दोन तासांच्या आत संपवावं. पाकीट नंतरसाठी ठेवून दिलं जाणार हे गृहीत धरावं आणि ‘हे आत्ताच खायचं’ असं स्पष्ट सांगावं. ज्याने पाच दिवसांहून जास्त जवळजवळ काहीच खाल्लेलं नाही, त्याला मायेपोटी भरपेट वाढू नये. उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न मिळालं की रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियमसारखे क्षार झपाट्याने घसरतात आणि हृदयाची लय बिघडू शकते. अशा माणसाला डॉक्टरांच्या नजरेखाली खाऊ घालावं लागतं.

रांग लावली की धडधाकट पुरुष पुढे येतात. आजारी माणसं आणि बायका दूर राहतात. म्हणून वाटपापेक्षा एकेकाजवळ जाणं चांगलं.

शुक्रवार

योहानाच्या तेराव्या अध्यायात प्रभूने शिष्यांचे पाय धुतले. बेघर माणसांच्या सेवेत ही विधीपुरती गोष्ट राहत नाही, कारण त्यांचं निम्मं दुखणं पायांत असतं. दिवसभर चालणं, न बसणारे जोडे, ओले मोजे, आणि चोरीच्या भीतीने रात्रीही पायातच ठेवलेले बूट. पाय तासन् तास ओलसर थंडीत राहिले की बधिर होतात, पांढुरके किंवा निळसर पडतात, सुजतात, नंतर फोड येतात. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. 15 अंश तापमानातही हे होऊ शकतं.

त्याची परवानगी घ्यावी आणि आडोसा शोधावा. हातमोजे घालावेत. पाणी कोमट, साधारण 37 अंश, आणि ते आपल्या हाताने तपासावं. मधुमेह असणाऱ्याच्या पायाला चटका कळतच नाही. मधुमेह असेल तर पाय पाण्यात भिजवत ठेवू नयेत, पटकन धुवावेत. मग मऊ कापडाने टिपून कोरडे करावेत, चोळू नयेत, बोटांच्या बेचक्या खास करून कोरड्या कराव्यात. क्रीम टाचेला आणि तळव्याला लावावं, बेचक्यांत नाही, कारण तिथे ओल राहून बुरशी वाढते. कुरूप किंवा घट्टे कापायला जाऊ नये. गार पडलेले पाय शेकोटीजवळ धरू नयेत, हळूहळू ऊब द्यावी. शेवटी कोरडे मोजे घालावेत, आणि एक जोडी जास्तीची द्यावी. ‘ओला झाला की बदला, रात्री एक तास तरी पाय उघडे ठेवा’ हे सांगावं. काळी पडलेली त्वचा, दुर्गंधी, वर चढणारी लाली, ताप, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

यासाठी एका माणसामागे वीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात जे बोलणं होतं, ते पाकीट देताना होत नाही.

शनिवार

त्याच दाखल्यात शोमरोनी माणसाच्या आधी आलेले याजक आणि लेवी (मंदिराचा सेवक) जखमी माणसाला पाहून दुसऱ्या बाजूने निघून गेले. आजच्या काळात तसं निघून जाणं बहुतेक वेळा एका समजुतीने घडतं: प्यायलेला दिसतोय. शरीराचं तापमान 35 अंशांच्या खाली गेलं की बोलणं अडखळतं, तोल जातो, डोकं चालत नाही. थरथर थांबते ती बरं वाटतं म्हणून नव्हे, शरीर थकलं म्हणून. रक्तातली साखर उतरली तरी माणूस तसाच दिसतो. डोक्याला मार लागला असला तरीही. म्हणून आधी हाक मारावी आणि श्वास पाहावा. उत्तर आलं नाही तर रुग्णवाहिका बोलवावी, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवावं, ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळावं, अंगाखाली पुठ्ठा सरकवावा, कारण जमीनही ऊब खेचून घेते. हातपाय चोळू नयेत, दारू देऊ नये. गाडी येईपर्यंत तिथेच थांबावं.

रविवार

प्रार्थनेबद्दल. अन्न आधी, तेही बिनशर्त. उपासनेला बसेल त्यालाच जेवण, ही पद्धत मला सुवार्तेच्या विरुद्ध वाटते, कारण कृपा काहीही मागून घेत नाही. याकोब 2:15-16 तर नुसते आशीर्वाद देऊन उपाशी पाठवणाऱ्यांबद्दलच आहे. ‘तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?’ असं एकदा विचारावं. नको म्हणाले तर तितक्याच प्रेमाने गप्पा पुढे चालू ठेवाव्यात. हो म्हणाले तर कशासाठी तेही विचारावं. कोणी मुलीसाठी मागतो, कोणी फक्त आज रात्री पाऊस नको म्हणून. प्रार्थना दोन-चार वाक्यांची, डोळे उघडे ठेवून, विचारल्याशिवाय डोक्यावर हात न ठेवता. ज्याला आवाज ऐकू येतात त्याच्याशी वाद घालू नये, होकारही भरू नये, भूतबाधेची भाषा तर मुळीच काढू नये. छोटी वाक्यं, शांत सूर, आणि मानसोपचाराची सोय कुठे आहे ती माहिती हाताशी.

मत्तय 25 मधल्या, भुकेल्यांना खाऊ घालणाऱ्या नीतिमानांना आपण प्रभूचीच सेवा केली हे ठाऊकच नव्हतं. म्हणून किती जणांनी प्रभूला स्वीकारलं याची वही ठेवू नये. वही ठेवावी ती नावांची आणि दिलेल्या शब्दांची: कोणाला कोणत्या मापाचे बूट, कोणाला कोणत्या वारी दवाखान्यात सोबत. जमणार नसेल तर ‘बघतो’ म्हणू नये, नाही म्हणावं.

सोमवार

कैसरियाच्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) बिशप बासीलने चौथ्या शतकात गरीब, आजारी आणि प्रवासी यांच्यासाठी मोठं आश्रयस्थान उभारलं होतं. घर देणं ही मंडळीची जुनी जबाबदारी आहे. 1992 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘आधी घर’ ही पद्धत सुरू झाली: व्यसन सोडण्याची अट न घालता घर, आणि मदत सोबत. फिनलंडने 2008 पासून ती देशाचं धोरण म्हणून स्वीकारली. घर मिळालं की आपलं काम संपलं असं समजणारे गट इथेच चुकतात. पहिले काही महिने कठीण असतात. भिंतींच्या आत शांतता झोपू देत नाही, ओळखीची माणसं रस्त्यावरच राहिलेली असतात, वीजबिलाचा कागद भीती घालतो. पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोनदा जावं, बिल सोबत बसून भरावं, एक भांडं, एक बादली, एक कुलूप न्यावं. पलंग असूनही तो जमिनीवर झोपत असेल तर झोपू द्यावं.