आजी येईपर्यंत

बाळ पोटातच गेले की समाजसेवा विभागाला फोन येतो आणि फोन करणाऱ्याची अपेक्षा बहुधा एवढीच असते की कोणीतरी येऊन नातेवाइकांना शांत करावे. नवी मुंबईतील एका रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करताना माझे मत मात्र असे झाले आहे की त्या घटकेला सांत्वनाला फारसा वाव नसतो; पुढच्या काही तासांतले निर्णय कोण घेते आणि किती घाईने घेते, यावर लक्ष ठेवणे हेच खरे काम असते. २०२३ च्या पावसाळ्यातला एक दिवस त्या दृष्टीने माझ्या लक्षात राहिला आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

लेबर रूममधून सकाळी निरोप आला: ‘आययूडी आहे, चौतीस आठवडे, पहिलटकरीण.’ आययूडी म्हणजे बाळाचा गर्भाशयातच झालेला मृत्यू. कळा आणण्याचे औषध रात्रीच सुरू झाले होते. कुटुंब मूळचे पाटण तालुक्यातले, आता कोपरखैरण्याला स्थायिक. सासऱ्यांनी माथाडी कामगार म्हणून वाशीच्या बाजारसमितीत उमेदीची वर्षे काढलेली. सून महापे येथील एका कंपनीत हिशेब सांभाळत होती. बाहेरच्या बाकावर सासूबाई, नवरा आणि त्याचे मामा बसले होते. ‘पोटात विष पसरंल, शिजर करून मोकळी करा तिला,’ असा मामांचा धोशा चालला होता. ही भीती मी पुष्कळ घरांत पाहिली आहे आणि ती माझ्या तोंडच्या शब्दांनी जात नाही, म्हणून मी डॉक्टरांनाच बाहेर बोलावले. बाळ तीन-चार आठवडे तसेच राहिले तर रक्त गोठण्यात बिघाड होऊ शकतो, पण एक-दोन दिवसांत तसा धोका सहसा नसतो, तिच्या तपासण्या ठीक आहेत आणि पोटावर छेद न घेता प्रसूती होणे तिच्या पुढच्या बाळंतपणाच्याही हिताचे आहे, हे त्यांनी तिघांसमोर उभे राहून सांगितले. मामा गप्प झाले. पटले की नाही, ते कळले नाही.

त्यांचे पुढचे ठरलेलेच होते. बाळ झाले की तिला न दाखवता उचलायचे, स्मशानभूमीत नेऊन पुरायचे आणि मगच तिला सांगायचे. सासूबाई मला म्हणाल्या, ‘मॅडम, तिला दाखवू नका. बघितलं की तिचा जीव त्यातच अडकून राहील.’ यात दुष्टपणा काहीच नव्हता. तिचे दुःख कमी व्हावे म्हणूनच चाललेली ही धडपड होती. मी एवढेच म्हटले, ‘काकू, एकदा तिलाच विचारूया का? ती नको म्हणाली तर मीही आग्रह करणार नाही.’ बाळ पाहिलेच पाहिजे असा आग्रह मी कोणालाही करत नाही. काहींना पाहायचे नसते आणि तेही तितकेच योग्य असते.

तिने कळांच्या मधल्या उसंतीत ऐकून घेतले आणि अनपेक्षित प्रश्न विचारला: ‘माझी आई गावाहून निघालीय. ती येईपर्यंत बाळाला ठेवता येईल का?’ बाळ शीतगृहात ठेवता येते, त्यासाठी साधा अर्ज पुरतो, हे बाहेर बसलेल्या कोणालाच माहीत नव्हते, कारण कोणी विचारलेच नव्हते. नवऱ्याने अर्जावर सही केली. तोवर त्याच्याकडे सगळे जण केवळ धावपळ करणारा माणूस म्हणून पाहत होते. औषधे आण, रक्ताचा नमुना पोहोचव, कागद दे. सही करताना त्याने विचारले, ‘मी पण बघू शकतो ना?’

दुपारी मुलगा झाला. त्याला आणण्यापूर्वी तो कसा दिसेल हे मी दोघांना सांगितले: ओठ काळपट असतील, काही ठिकाणी कातडी सुटलेली असेल, अंग गार आणि सैल लागेल. हे आधी सांगणे फार महत्त्वाचे असते, कारण कल्पनेतले रूप बहुतेक वेळा प्रत्यक्षापेक्षा भयंकर असते. वॉर्डातल्या मावशींनी त्याला मऊ सुती कापडात गुंडाळून, चेहरा आणि एक हात मोकळा ठेवून आणले. ती बराच वेळ त्याची नखे पाहत राहिली. मग तिने वजन विचारले. सिस्टरनी एक किलो चारशे सांगितल्यावर तिने उशाखालचे माता-बाल संरक्षण कार्ड काढले, नवऱ्याला पेन मागितले आणि बाळाच्या लसीकरणाच्या रिकाम्या चौकटींच्या वर, समासात, तो आकडा त्याच्याकडून लिहून घेतला.

तिला प्रसूतीपश्चात कक्षात न पाठवता स्त्रीरोग वॉर्डात खाट मिळावी म्हणून मला सिस्टर इन्चार्जशी घासाघीस करावी लागली. खाटांची टंचाई खरीच असते. पण त्या कक्षात लस टोचणारे ‘बाळ कुठंय?’ विचारत फिरतात, जन्मनोंदणीचा कारकून येतो, कोणी पेढे मागते. अखेर कोपऱ्यातली खाट मिळाली आणि केसपेपरवर ठळक खूण केली, म्हणजे येणाऱ्याने आधी कागद पाहावा.

आजी संध्याकाळी पोहोचली. सोबत तिने शिवलेले झबले होते. ते घालूनच बाळाला नेले आणि नेण्याआधी सासूबाईंनी स्वतः त्याच्या कपाळाला हळदकुंकू लावले. अठ्ठावीस आठवड्यांनंतरचा मृतजन्म नोंदवावा लागतो, तो कागद नवऱ्याने भरला. त्यात आईवडिलांची नावे आणि लिंग विचारतात, बाळाचे नाव विचारत नाहीत. त्यांनी नाव ठरवले होते. मला सांगितले, म्हणून मला ते माहीत आहे.

घरी सोडताना मी तिला दुधाबद्दल सांगितले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती भरून येते आणि त्या वेळी बाई घरी एकटी, बेसावध असते. घट्ट कापड बांधू नका, गार पट्ट्या ठेवा आणि दूध थांबवण्याची गोळी डॉक्टर देतील ती घ्या, हे मी तिच्या आईलाही ऐकवले. रात्रीअपरात्री जीव घाबरा झाला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून दिला.

खरा वाद नंतर उभा राहिला तो रजेवरून. कंपनीने गर्भपाताची म्हणून सहा आठवड्यांची रजा देऊ केली. तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात गर्भपाताची व्याख्या सव्विसाव्या आठवड्यापर्यंतच होती आणि ‘मूल’ या संज्ञेत मृत जन्मलेले मूलही येत होते, म्हणजे तिला इतर कोणत्याही पहिल्या बाळंतपणासारखी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा लागू होती. तीन ओळींचे पत्र आणि प्रसूतीचे प्रमाणपत्र एवढ्यावर ती मिळाली. ‘बाळ नाही तर रजा कशाला?’ असा प्रश्न मला विचारला गेला, तेव्हा बाळंतपण झालेच आहे, एवढेच उत्तर मी दिले.

शवविच्छेदन नको, असे घरच्यांनी म्हटले होते, पण वार (प्लासेंटा) तपासायला पाठवू दिली होती. अहवाल घ्यायला ती आली तेव्हा सासूबाईंनाही आणावे, असा निरोप मी मुद्दाम दिला होता, कारण ग्रहण पाळले नाही, कामाला जात राहिली, अशी कुजबुज वाड्यातल्या बायकांत सुरू झाल्याचे नवऱ्याने फोनवर सांगितले होते. वाढलेल्या रक्तदाबामुळे वारेचा रक्तपुरवठा जागोजागी बंद पडला होता, त्यामुळे बाळाची वाढ खुंटली, आणि यात तिच्या चालण्याबोलण्याचा, नोकरीचा काही संबंध नाही, हे डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून सांगितले. सुनेने काही विचारले नाही. सासूबाईंनी विचारले, ‘मग पुढच्या खेपेला रक्तदाब कितव्या महिन्यापासून बघायचा?’ पहिल्या भेटीपासूनच, डॉक्टर म्हणाले, आणि तिसरा महिना संपता संपता ॲस्पिरिनची छोटी गोळी सुरू करू. सासूबाईंनी ते सुनेला कार्डावर लिहून घ्यायला लावले.