बंद खात्याचं नाव

घरी येऊन झोपायला हवं होतं, पण ते नाव काही डोक्यातून जात नाही.

रात्रपाळीत सर्व्हरच्या लॉगमध्ये '४६२५' क्रमांकाच्या नोंदी येत होत्या. त्यात नवल नाही. लॉगिन फसलं की विंडोज ही नोंद करतंच, आणि बँकेत पासवर्ड विसरणाऱ्यांची कमी नसते. पण या नोंदी ठरलेल्या अंतराने पडत होत्या, एक मिनिट इकडेतिकडे नाही. उघडून पाहिलं तर लॉगऑन टाइप ४. म्हणजे कीबोर्डवर कोणी बसलेलं नाही, शेड्यूल्ड टास्क, ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, सुरू व्हायला बघतोय. कारण: खातं बंद केलेलं आहे. आणि अकाउंट नेमच्या रकान्यात तो.

परवापर्यंत शेजारी बसत होता.

नोकरी गेली, त्याच संध्याकाळी खातं बंद झालं. नियमच आहे, आणि योग्यच आहे; उघडं राहिलेलं जुनं खातं बँकेत किती महागात पडू शकतं हे मला कोणी सांगायला नको. तरी वाईट वाटलं ते वाटलंच. इतकी वर्षं राबायचं, सण-समारंभ स्क्रीनसमोर काढायचे, आणि शेवटी उरायचं काय, तर फसलेल्या लॉगिनची ओळ. व्हिसा नोकरीला बांधलेला, त्यामुळे त्याच्या घरी आता काय चाललं असेल ते... जाऊ दे.

सकाळी हँडओव्हरला पुढच्या शिफ्टचे लोक म्हणाले, हा अलर्ट सप्रेस करून टाक, माहीत असलेलं कारण आहे. चुकीचं नव्हतं. पण माझा हात होईना. नियम लावला की नोंद पडत राहील, फक्त कोणाला दिसणार नाही. लॉगचं आयुष्यही ठरलेलंच. पीसीआय डीएसएस, म्हणजे कार्डांच्या माहितीच्या सुरक्षेचे नियम, त्याप्रमाणे निदान १२ महिने ठेवायचे, त्यातले शेवटचे ३ महिने लगेच पाहता येतील असे. पुढे कधीतरी तेही पुसले जातात. माझ्याही नावाचं असंच होणार, हा विचार रात्रभर पुन्हा पुन्हा येत राहिला. आईचा फोन येऊन गेला, तोही घेतला नाही.

मग तो टास्क चालवतो ती त्याने लिहिलेली स्क्रिप्ट उघडली. नेटवर्कच्या जुन्या स्विचेसचे सिसलॉग, म्हणजे ती उपकरणं पाठवतात त्या नोंदी, गोळा करणारी. ती उपकरणं अजून जुन्याच पद्धतीने लिहितात, वेळेत ना वर्ष असतं ना टाइमझोन. त्याने प्रत्येक ओळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत आणून, वर्ष जोडून पुढे पाठवली होती. ३१ डिसेंबरची ओळ मध्यरात्रीनंतर पोचली तर तिला मागचंच वर्ष लागावं, इथपर्यंत विचार केलेला. वर कॉमेंट: 'या सर्व्हरचं एनटीपी तपासल्याशिवाय वेळेवर विश्वास ठेवू नये.' एनटीपी म्हणजे घड्याळ जुळवून ठेवणारी यंत्रणा. मागच्या ऑडिटला आम्ही ज्या टाइमलाइनवर निभावलो, ती यातूनच आली होती.

हे वाचल्यावर जरा शांत झाले. नाव रकान्यातून जाणारच, कोणाचंही जातं. काम मात्र चालू राहायला हवं, आणि ते आता माझ्याकडे आहे.

टास्क सर्व्हिस अकाउंटवर, म्हणजे कुणा माणसाच्या नावाचं नसलेल्या खात्यावर, न्यायची चेंज रिक्वेस्ट टाकली आहे, मंजुरी आली की या शनिवार-रविवारी बदलांसाठी राखलेल्या वेळेत होईल. तोवर अलर्ट चालू ठेवलाय, सप्रेस केलेला नाही. झोपून उठले की आधी आईला फोन, मग त्याला. त्याची चौकशी तर करायचीच आहे, शिवाय स्क्रिप्टमध्ये एक आयपी वगळून ठेवलाय, तो का, हे त्याच्याशिवाय कोणाला माहीत नाही.