'दि अदर अमेरिका' आणि त्याचे वाचक

अमेरिकी लेखक मायकेल हॅरिंग्टन यांचे 'दि अदर अमेरिका' हे पुस्तक १९६२ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा गरिबीचा प्रश्न आपल्या देशापुरता सुटला आहे अशी अमेरिकेतील सुशिक्षित वर्गाची जवळजवळ खात्री पटलेली होती. चार वर्षांपूर्वी अर्थशास्त्रज्ञ जॉन केनेथ गालब्रेथ यांनी अमेरिकी समाजाच्या संपन्नतेवर गाजलेला ग्रंथ लिहिला होता, आणि उरलेली गरिबी ही काही व्यक्तींची किंवा काही मागास प्रदेशांची, बेटांसारखी सुटी सुटी आहे असे त्यात मांडले होते. ही बेटे नव्हेत, चार ते पाच कोटी माणसे या देशात गरिबीत राहतात, असे हॅरिंग्टन यांनी एका छोटेखानी पुस्तकात सांगितले. पुस्तक आजही वाचण्यासारखे आहे. पण मला त्याहून अधिक गुंतवून ठेवले ते त्याच्या वाचकांनी. एकाच पुस्तकातून कोणी काय उचलले आणि त्याचे पुढे कायद्यांत काय झाले, हे इतके स्वच्छ दिसावे अशी उदाहरणे थोडीच असतात.

पुस्तकाची खरी ताकद गरिबी दिसत का नाही, हे सांगणाऱ्या पानांत आहे. मध्यमवर्ग शहराच्या मध्यभागातून उपनगरांत गेला, त्यामुळे कामावर जाता-येता झोपडवस्ती ओलांडण्याची वेळच त्याच्यावर येत नाही. पूर्व अमेरिकेतील ॲपलेशियाच्या डोंगरांत हिरव्यागार ऋतूत जाणाऱ्या प्रवाशाला झरे आणि झाडी दिसते, तिथली बंद पडलेली खाण दिसत नाही. यंत्रावर तयार होणारे कपडे स्वस्त झाल्यामुळे उपाशी माणूससुद्धा नीटनेटका दिसू शकतो. म्हातारी माणसे भाड्याच्या एका खोलीत पडून असतात आणि जी बाहेर पडत नाहीत त्यांची गणती कोणी करत नाही. या सगळ्यांवर कडी म्हणजे त्यांची संघटना नाही, त्यांच्या वतीने वॉशिंग्टनमध्ये खेटे घालणारे कोणी नाही, त्यामुळे राजकारण्यांनाही त्यांची दखल घेण्याची गरज भासत नाही. ही निरीक्षणे कोणत्याही आकडेवारीहून अधिक टोचतात, आणि ती करणाऱ्याने न्यूयॉर्कमध्ये डोरोथी डे यांच्या, गरिबांसोबत राहून त्यांची सेवा करणाऱ्या 'कॅथलिक वर्कर' चळवळीत राहून ही माणसे जवळून पाहिली होती, हे वाक्यावाक्याला जाणवते.

आरंभी पुस्तकाचा खप बेताचाच होता. चित्र पालटले ते जानेवारी १९६३ मध्ये, समीक्षक ड्वाइट मॅकडोनाल्ड यांनी 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकामध्ये लिहिलेल्या एका प्रदीर्घ परीक्षणामुळे. मॅकडोनाल्ड यांनी पुस्तकाची भरभरून प्रशंसा केली, पण हॅरिंग्टन यांच्या ढिसाळ आकडेमोडीवर बोटही ठेवले, इतर अभ्यास शेजारी मांडून हिशेब तपासला आणि शेवटी साधा निष्कर्ष काढला की प्रत्येक नागरिकाला किमान राहणीमानापुरते उत्पन्न हक्क म्हणून मिळाले पाहिजे. माझ्या मते या पुस्तकाला लाभलेला हा सर्वांत चांगला वाचक होय. अध्यक्ष केनेडी यांनी मूळ पुस्तक वाचले की केवळ हे परीक्षण, याबद्दल इतिहासकारांत एकमत नाही. त्यांचे आर्थिक सल्लागार वॉल्टर हेलर यांनी मात्र विषय उचलून धरला, आणि केनेडी यांच्या हत्येनंतर लिंडन जॉन्सन यांनी ८ जानेवारी १९६४ च्या भाषणात गरिबीविरुद्ध बिनशर्त युद्ध पुकारले.

या युद्धाची आखणी केनेडी यांचे मेहुणे सार्जंट श्रायव्हर यांच्याकडे आली आणि त्यांनी हॅरिंग्टन यांनाही चर्चेला बोलावले. त्या भेटीचा किस्सा प्रसिद्ध आहे. या कामासाठी एक अब्ज डॉलरच्या आसपासची रक्कम म्हणजे चिल्लर आहे, असे हॅरिंग्टन म्हणाले. त्यावर श्रायव्हर उत्तरले की तुमचे ठाऊक नाही, पण एक अब्ज डॉलर खर्च करण्याची माझी ही पहिलीच वेळ आहे. विनोद चांगला आहे, परंतु त्याच सुमारास कामगारमंत्री विलर्ड वर्ट्झ यांनी सिगारेटवर कर बसवून मोठ्या प्रमाणावर रोजगार पुरवण्याची योजना पुढे केली होती आणि जॉन्सन यांनी ती बाजूला सारली, कारण त्या वेळी ते स्वतः करकपातीचा कायदा मंजूर करून घेण्याच्या खटपटीत होते. रोख मदत तर मुळातच नको होती. ऑगस्ट १९६४ च्या कायद्यातून तरुणांसाठी प्रशिक्षण, गरीब वस्त्यांतील सामुदायिक उपक्रम अशा गोष्टी निघाल्या. लहान मुलांसाठीची 'हेड स्टार्ट' योजना पुढच्याच वर्षी सुरू झाली.

म्हणजे सरकारने पुस्तकातील नेमके कोणते पान वाचले? हॅरिंग्टन यांनी मानववंशशास्त्रज्ञ ऑस्कर लुइस यांच्याकडून 'गरिबीची संस्कृती' ही कल्पना घेतली होती. घर वाईट म्हणून आजार, आजारामुळे नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून पुन्हा वाईट घर, असे हे एकमेकांत अडकलेले चक्र असून ते एका जागी तोडून भागत नाही, हे त्यांना तिच्यातून सांगायचे होते. वाचकांनी त्यातील चक्र सोडले आणि संस्कृती उचलली. गरिबाच्या सवयी, त्याची निराशा, त्याची मोडकी कुटुंबे हाच रोग ठरला, आणि रोग माणसातच आहे म्हटल्यावर उपायही माणूस सुधारण्याचाच निघतो. यात हॅरिंग्टन अगदीच निर्दोष आहेत असे मला वाटत नाही. ते आयुष्यभराचे समाजवादी होते, पण वाचक बिचकू नये म्हणून पुस्तकात समाजवादाचे नावही त्यांनी घेतले नाही. वर्णन इतके प्रभावी आणि कारणमीमांसा इतकी दबक्या आवाजात, असे झाले की वाचक कारणे आपापल्या पदरची घालतो.

ही कारणे पुढे उजव्या बाजूने भराभर घातली. १९७० मध्ये राज्यशास्त्रज्ञ एडवर्ड बॅनफिल्ड यांनी शहरांतील खालच्या वर्गाच्या केवळ आजपुरते पाहणाऱ्या वृत्तीला दोष दिला, १९८४ मध्ये लेखक चार्ल्स मरे यांनी सरकारी मदतीनेच गरिबी वाढवली असा सिद्धान्त मांडला, आणि अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी १९८८ च्या भाषणात टोला हाणला की सरकारने गरिबीविरुद्ध युद्ध पुकारले आणि गरिबी जिंकली. डावीकडूनही जाब विचारला गेला: हॅरिंग्टन यांच्याच समाजवादी संघटनेतील सहकारी, लेखिका बार्बरा एरनराइक यांनी पुस्तकाच्या पन्नाशीच्या निमित्ताने, २०१२ मध्ये, गरिबांना निराळ्या जातीची माणसे ठरवण्याची वाट याच पुस्तकाने खुली केली अशी परखड टीका केली. आणि ज्यांच्यावर पुस्तक लिहिले होते त्यांचे काय? मार्टिन ल्यूथर किंग यांनी हॅरिंग्टन यांना थट्टेने म्हटले होते की तुमचे पुस्तक वाचेपर्यंत आपण गरीब आहोत हे आम्हाला ठाऊकच नव्हते. ही थट्टा मला वरच्या सगळ्या परीक्षणांपेक्षा बोचरी वाटते.

रेगन यांचा टोला टाळ्या मिळवणारा असला तरी हिशेबात बसत नाही. सरकारी मोजणीनुसार १९५९ मध्ये २२.४ टक्के अमेरिकी लोक दारिद्र्यरेषेखाली होते, १९७३ मध्ये ११.१ टक्के. या घसरणीत वाढत्या रोजगाराचा वाटा मोठा होता, हे मान्य. पण वृद्धांचे उदाहरण वेगळे काढून पाहावे. १९५९ मध्ये त्यांच्यातील सुमारे ३५ टक्के गरीब होते आणि शतक संपेपर्यंत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास आले. त्यांची संस्कृती सुधारायला कोणी गेले नव्हते. सोशल सिक्युरिटी या सरकारी योजनेतून मिळणारे निवृत्तिवेतन वाढवले गेले, १९७२ मध्ये एकदम २० टक्क्यांनी, आणि ते महागाईशी जोडण्याचा निर्णय झाला. मॅकडोनाल्ड यांनी काढलेला निष्कर्ष, निदान एका वयोगटापुरता, जवळजवळ जसाच्या तसा अमलात आला होता.

मुलांच्या बाबतीत तो प्रयोग २०२१ मध्ये झाला. त्या वर्षीच्या कायद्याने सहा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे ३,६०० डॉलरपर्यंत आणि त्याहून मोठ्या मुलामागे ३,००० डॉलरपर्यंत करसवलत दिली, पालकांचे उत्पन्न शून्य असले तरी ती रोख मिळेल अशी सोय केली आणि जुलै ते डिसेंबर तिचे मासिक हप्ते घरोघरी पोहोचवले. करसवलती आणि सरकारी मदतही उत्पन्नात धरणाऱ्या पूरक मोजपट्टीनुसार बालदारिद्र्य ५.२ टक्क्यांपर्यंत उतरले. सवलत संपल्यावर २०२२ मध्ये ते १२.४ टक्क्यांवर गेले. मुदतवाढीच्या आड आलेला एक प्रमुख आक्षेप सिनेटर जो मँचिन यांचा होता: पैसे घेणाऱ्या पालकांना कामाची अट असली पाहिजे.