1939 चा रुपया: वजनात पास, आकड्यात नापास

मामांनी नाण्यांच्या एका प्रदर्शनातून सहाव्या जॉर्जचा 1939 चा चांदीचा रुपया आणला आणि 'खरा आहे का बघ रे' म्हणून माझ्या हातात ठेवला. 1938 चा रुपया सहज मिळतो, 1939 चा मात्र फार दुर्मीळ. त्यामुळे किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. 1940 पासून तर सरकारने रुपयातली चांदी 91.7 टक्क्यांवरून 50 वर आणली.

आधी वजन. जुना कलदार रुपया म्हणजे एक तोळा, 11.66 ग्रॅम. सोनाराच्या काट्यावर 11.60 भरला, तेवढी झीज होतेच. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणला आणि दोऱ्याला बांधलेलं नाणं तळाला टेकू न देता बुडवलं. काटा 1.13 वर थांबला, म्हणजे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. 11.60 ला 1.13 ने भागलं तर घनता 10.3 च्या आसपास, म्हणजे या चांदीला हवी तशीच. लोहचुंबकालाही चिकटला नाही, पण त्यावरून काही ठरत नाही. पितळही चिकटत नाही. (उलट 1947 चा अस्सल रुपया निकेलचा, तो टपकन चिकटतो.) मामा खूश.

माझी शंका वेगळीच होती. 1938 मधल्या 8 चा 9 करणं हा जुना धंदा आहे. नाणं टाकसाळीचं, चांदी खरी, खोटा फक्त एक आकडा. तिथे काटा काय करणार आणि कॅरट तपासायचं मशीन तरी काय करणार!

दहापट मोठं दाखवणारं भिंग घेतलं. 1939 मध्ये नऊ दोनदा येतो हे बरं. पहिल्या नऊचं शेपूट छान वळून सफाईदार संपत होतं. दुसऱ्याचं टोक मध्येच तुटल्यासारखं, आणि त्याच्या डावीकडे बारीक समांतर ओरखडे. सगळ्या नाण्यावर जुनी करडी झाक, तेवढी जागा मात्र चकचकीत. माझ्याकडचा 1938 चा रुपया शेजारी ठेवला. त्यातल्या 8 चा वरचा गोल आणि उजवी बाजू या 'नऊ'शी तंतोतंत जुळली.

मामांनी विक्रेत्याला गाठलं. तो म्हणाला, 'काका, बघून घेतलंत ना?' बिल काढलं तर त्यावर 'चांदीचा जुना रुपया, 1 नग' एवढंच. सालाचा उल्लेखच नाही. बरीच हुज्जत घातल्यावर निम्मे पैसे सुटले.