आमची वाटचाल : पॅनेलच्या शेडमधली शाळा

आमचे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर होते, म्हणजे लेथ मशीनवर लोखंडाचे पार्ट कातायचे. शाळेला सुट्टी लागली की मी त्यांच्यासोबत डबा घेऊन जायचो आणि दिवसभर लेथशेजारी उभा राहायचो. तिथले कित्येक मेस्त्री चौथी-सातवी शिकलेले, पण ऑइल इंजिनाचा कुठला पार्ट किती घासायचा ते बोट फिरवून सांगायचे आणि मग मायक्रोमीटर लावला की तेवढंच निघायचं. माझ्या डोक्यात शाळा म्हणजे काय याचं चित्र तिथंच तयार झालं, फक्त ते चित्र शाळेचं आहे हे कळायला मला पुढं वीस-पंचवीस वर्षं गेली.

२०११ साली मी आणि बायकोनं मिळून इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनेल, म्हणजे मोटरी चालू-बंद करायच्या पेट्या, बनवायचं छोटं युनिट टाकलं. स्टार्टर पॅनेल, शेतीपंपाचे पॅनेल, फौंड्रीवाल्यांची किरकोळ कामं. सुरुवातीला आम्ही दोघंच, ती हिशोब आणि खरेदी बघायची, मी वायरिंग. दोन वर्षांत काम वाढलं तशी पोरं कामाला घ्यायला लागलो आणि तिथं मला पहिला धक्का बसला. डिप्लोमा फर्स्ट क्लास झालेला पोरगा, स्टार-डेल्टाची, म्हणजे मोटर आधी हळू मग पूर्ण जोरात चालवायच्या जोडणीची, आकृती कागदावर झक्कास काढणार, पण ४ स्क्वेअरच्या वायरला लग क्रिंप करता येत नाही, म्हणजे टोकाला धातूची टोपी दाबून बसवता येत नाही, कारण कॉलेजात तीन वर्षांत त्याच्या हातात क्रिंपिंग टूल आलंच नव्हतं. टायमरनं जोडणी बदलताना कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारा मोठा स्विच, खटकन कसा ओढला जातो तो आवाज त्यानं पहिल्यांदा आमच्या शेडमध्ये ऐकला आणि त्याचा चेहरा असा काही खुलला की मी तो अजून विसरलेलो नाही. पोरगा हुशार होता. तीन वर्षं त्याला कुणी हात लावू दिला नव्हता, एवढंच.

मग २०१६ ला केंद्र सरकारची अटल टिंकरिंग लॅबची योजना आली, शाळेत पोरांनी हातानं वस्तू बनवून बघायच्या खोलीची. शाळांना २० लाखांपर्यंत अनुदान, थ्रीडी प्रिंटर, आर्डुइनो म्हणजे प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड, सेन्सर, सगळं. आम्हाला वाटलं हे तर आपल्याच वाटेवरचं काम, म्हणून आम्ही शाळांसाठी इलेक्ट्रॉनिक्सची किट बनवायला लागलो. लाकडी पेटी, आत सर्किट जोडून बघायचा ब्रेडबोर्ड, मोटर, रिले, सोबत मराठीत छापलेली पुस्तिका. मराठी पुस्तिका बायकोनं लिहिली होती आणि ती फार छान झाली होती, हे मी आजही अभिमानानं सांगतो. किट खपली पण. काही शाळांत शिक्षकांनी जीव ओतून काम केलं, आपण गेलो की पोरं भोवती गोळा व्हायची. पण एका शाळेत वर्षभरानं सर्व्हिसला गेलो तर खोलीला कुलूप. शिपाईमामांनी उघडून दिलं, आत प्रिंटरवर प्लॅस्टिक तसंच, आमच्या पेट्यांची सीलसुद्धा फोडलेली नाहीत. तपासणीला कुणी आलं की उघडतात म्हणाले, पोरांनी काही मोडलं तर भरून कोण देणार. आमचं बिल तिथं चौदा महिने अडकलं होतं, पण खरं सांगतो, बिलाचं एवढं वाटलं नाही जेवढं त्या सीलबंद पेट्यांचं वाटलं. परत येताना गाडीत आम्ही दोघंही गप्प होतो. पेटी विकून शिक्षण होत नाही, एवढं त्या दिवशी पक्कं झालं.

२०१८ च्या जानेवारीत आम्ही पाबळला गेलो. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातलं दुष्काळी गाव. तिथं डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्तान लीव्हरमधलं संशोधनाचं मोठं काम सोडून हा माणूस पाबळच्या माळावर येऊन राहिला, शाळा सुटलेल्या पोरांना वेल्डिंग, वायरिंग, शेती, अन्नप्रक्रिया असं सगळं एकत्र शिकवायला. एकच ट्रेड नाही, सगळंच, कारण खेड्यात घर चालवायचं तर सगळंच लागतं. त्यांचं तत्त्व सरळ होतं. करत करत शिकायचं, गावाला लागणारी कामं पोरांनी करून द्यायची आणि शिकवणारा स्वतः धंदा करणारा असावा. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर जगातली पहिली फॅब लॅब, म्हणजे कॉम्प्युटरवर आखलेली वस्तू मशीनवर बनवायची कार्यशाळा, २००२ मध्ये कुठं उभी राहिली असेल तर याच पाबळला. मला हे तिथं जाईपर्यंत माहीत नव्हतं, आणि कोल्हापुरात मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यातल्या बहुतेकांनाही नव्हतं. आपल्याच महाराष्ट्रात एवढं मोठं काम झालंय आणि आपण नव्या शिक्षणाच्या गोष्टी बाहेरच्या देशांच्या सांगत बसतो याचं वाईट वाटतं.

'शिकवणारा धंदा करणारा असावा' हे वाक्य घेऊन मी परत आलो. आमच्याकडं धंदा होता, शेड होतं, रोजची ऑर्डर होती. मग शाळेसाठी वेगळी इमारत कशाला पाहिजे?

त्याच जूनमध्ये शेडचा मागचा अर्धा भाग मोकळा केला आणि शनिवार-रविवार अकरा पोरं घेऊन सुरुवात केली. जागा कशी लावायची यावर आमची दोघांची महिनाभर चर्चा आणि थोडी भांडणंही झाली. मी मशीनच्या सोयीनं बघत होतो, ती पोरांच्या. शेवटी तिचंच बरोबर निघालं. टेबल दोन उंचीची केली, कारण बारा वर्षांचं पोर मोठ्या माणसाच्या टेबलावर सोल्डरिंग करायला लागलं की खांदे वर येतात आणि नाक थेट धुरात जातं. हत्यारं कपाटात न ठेवता भिंतीवर, प्रत्येकाच्या मागं त्याची आकृती रंगवलेली, म्हणजे संध्याकाळी काय परत आलं नाही ते लांबून दिसतं, कुणाला विचारावं लागत नाही. ग्राइंडर आणि वेल्डिंग पत्र्याच्या पलीकडं, कारण लोखंडाची धूळ इलेक्ट्रॉनिक्सच्या टेबलावर आली की बोर्ड शॉर्ट होतात. पोरांच्या प्रत्येक टेबलाला ३० मिलिअँपची आरसीसीबी, म्हणजे वीज अंगातून गळायला लागली की लगेच सप्लाय तोडणारा स्विच, आणि दाराजवळ लाल इमर्जन्सी बटण, जे कुणीही दाबावं, दाबल्याबद्दल कुणाला ओरडायचं नाही. आणि एक काचेची लोणच्याची बरणी. त्यात जळलेले पार्ट टाकायचे, प्रत्येकाला चिठ्ठी बांधून : काय जळलं, का जळलं, कुणी जाळलं. पहिली चिठ्ठी माझ्या नावाची आहे, ५ व्होल्टच्या बोर्डला १२ व्होल्ट दिले होते. नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी त्याला ती बरणी ओतून सगळ्या चिठ्ठ्या वाचायला देतो. त्यानंतर त्याला हात लावायची भीती राहत नाही, आणि काळजी कुठं घ्यायची तेही आपोआप कळतं.

पहिलं वर्ष बरं गेलं पण मनासारखं नाही. लाइट लावणारी गाडी, अडथळा आला की थांबणारी गाडी, टाळी वाजवली की लागणारा दिवा. पोरं खूष, पालक व्हिडिओ काढायचे, आणि पुढच्या आठवड्यात ती गाडी सुटी करून पेटीत जायची. कुठंतरी कमी पडत होतं.

ते काय होतं ते पुरानं दाखवलं. २०१९ चा ऑगस्ट कोल्हापूर-सांगलीतला कुणीच विसरणार नाही. हायवे बंद, गावंच्या गावं पाण्यात, आमच्याही शेडमध्ये तीन फूट पाणी होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही चिखल काढत होतो तेव्हा लोक पंपाच्या मोटरी घेऊन यायला लागले. मोनोब्लॉक, ओपनवेल, पिठाच्या गिरणीच्या मोटरी, सगळ्या गाळानं भरलेल्या. माझी माणसं स्वतःच्या घरातला चिखल काढत होती, ती कुठून येणार. शनिवार-रविवारवाली पोरं मात्र आली, शाळा बंदच होत्या. मग मोटर उघडायची, स्वच्छ पाण्यानं गाळ धुवायचा, उन्हात ठेवायची, ऊन नसेल तर पत्र्याच्या बॉक्सात २०० वॅटचे दोन बल्ब लावून सुकवायची, बेअरिंग बदलायचं, आणि मेगर, म्हणजे आत वीज गळते का ते मोजायचं मीटर, लावून इन्सुलेशन बघायचं. किमान १ मेगाओम तरी आला पाहिजे, त्याशिवाय सप्लाय द्यायचा नाही. पोरांनी भिंतीवर खडूनं तक्ता केला, मोटर नंबर, कुणाची, आजचं रीडिंग. ०.१, दुसऱ्या दिवशी ०.४, तिसऱ्या दिवशी २ च्या पुढं. रोज सकाळी आल्या आल्या आधी तक्ता.

एक शेतकरी दादा फार घाईत आले होते, त्यांना मोटर आजच पाहिजे होती. आमच्यातली एक पंधरा वर्षांची मुलगी, नववीतून शाळा सुटलेली, घरात फारसं कुणी तिचं ऐकत नसावं, ती मेगर हातात घेऊन त्यांना म्हणाली, "काका, अजून ओल हाय आत. आज लावलासा तर वाइंडिंग जाईल, दोन-अडीच हजार जातील. परवा या, मी स्वतः लावून दावते." ते माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, ती म्हणतीय ते बरोबर आहे. ते परवा आले, मोटर लागली, आणि जाताना त्यांनी पैसे माझ्या हातात न देता तिच्या हातात दिले.

त्या दिवसापासून आमच्याकडं एकच नियम झाला. जे बनवायचं त्याला खरं गिऱ्हाईक पाहिजे, म्हणजे ते बिघडलं तर ज्याची अडचण होईल असा माणूस. नुसतं प्रदर्शनात ठेवायला काही बनवायचं नाही.

२०२० मध्ये सगळ्यांचं जे झालं तेच आमचं, पॅनेलचं काम निम्म्यावर आलं आणि शाळा बंद. त्यावर जास्त लिहीत नाही. पण त्या काळात बरीच पोरं शाळेपासून तुटली आणि २०२१ मध्ये त्यांच्यासाठी आम्ही पूर्ण वेळची बॅच सुरू केली, वय १४ ते १८. दहावीचा फॉर्म मुक्त विद्यालयाच्या बोर्डाचा म्हणजे एनआयओएसचा भरतो, पाच विषय, सकाळी दोन तास अभ्यास, बाकी दिवस काम. गणित बायको शिकवते आणि शक्यतो कामातूनच. पॅनेलचा पत्रा कापताना किती वाया जातो, यातूनच टक्केवारी होते. पैशाचं विचाराल तर शाळा अजून स्वतःच्या पायावर नाही. फी परवडेल तशी, दुरुस्तीच्या कामातून थोडं, उरलेलं पॅनेलच्या धंद्यातून. आम्ही दोघांनी ठरवून घेतलंय ते.

आता गुऱ्हाळाचं सांगतो, कारण मला यातलं सगळ्यात जास्त प्रेम त्याच्यावर आहे. आमच्या एका पोराचे मामा गुळव्या आहेत. काहिलीत रस उकळत असतो, मळी काढून झाली, पाक घट्ट व्हायला लागला की नेमका कधी उतरवायचा हे गुळव्या ठरवतो, थेंब पाण्यात टाकून त्याची गोळी बघून. दोन मिनिटं इकडं तिकडं झालं की ढेप मऊ पडते नाहीतर गूळ करपतो. पोरानं मला विचारलं, काका, हे तापमानावर असंल की? असतंच, साधारण ११८ अंशाच्या आसपास. मग के टाइप थर्मोकपल म्हणजे तापमान मोजायची वायर, एक मोड्यूल, आर्डुइनो, डिस्प्ले असं एका डबीत जोडून तो आणि आणखी तिघं असे चौघं गुऱ्हाळावर गेले. शेडमध्ये उकळत्या पाण्यावर बरोबर चाललेला काटा तिथं नाचायला लागला. ९७, ११०, ८९. कारण ऊस गाळायच्या घाण्याची मोटर शेजारीच, आणि थर्मोकपलचा सिग्नल म्हणजे एका अंशाला साधारण ४० मायक्रोव्होल्ट, इतका बारीक, त्याला मोटरच्या वायरीजवळून नेलं तर मोटरच्या विजेची गडबड त्यात शिरणारच. हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. त्यांना शोधायला तीन फेऱ्या लागल्या. वायरींना पीळ दिला, मोटरपासून लांबून नेल्या, दहा रीडिंगची सरासरी घेतली. मग दुसरी अडचण, टोक काहिलीच्या बुडाला टेकलं की आकडा जास्त येतो, म्हणून बुडापासून चार बोटं वर राहील असा लोखंडी आकडा वेल्ड केला. पाचव्या फेरीला मी सोबत होतो. मामा काटा बघतच नव्हते, पाकाचे फुगे बघत होते. ते "उतरवा" म्हणाले त्याच वेळी पोरगा ओरडला, "मामा, एकशे अठरा!" मामांनी काही क्षण त्या डबीकडं बघितलं आणि म्हणाले, "पोरा, काटा बघ, पण काहिलीवरची नजर हलवू नको. रस रोज निराळा असतो."

ते वाक्य पोरांनी शेडच्या भिंतीवर लिहून ठेवलंय.

आत्ता पूर्ण वेळची एकोणीस पोरं आहेत, त्यात आठ मुली. पुरात मेगर धरून उभी होती ती आता आमच्या पॅनेलच्या टेस्टिंगला पगारावर आहे आणि दुपारी नव्या पोरांना मोटर शिकवते. गुळाच्या डबीची तिसरी आवृत्ती टेबलावर आहे, हंगामाच्या आत पाच नग द्यायचेत. वाफेनं डिस्प्ले धूसर होतो म्हणून काच तिरकी लावायचं चाललंय, आणि मामांनी आकडे मोठे करून मागितलेत, चुलवाणाच्या धगीत चष्मा लावता येत नाही त्यांना.