निळी रेघ, लाल रेघ आणि काळी झेरॉक्स

२५ जुलै २०२४ च्या पहाटे पुण्यात मुठा नदीचं पाणी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिरलं आणि विजेच्या मीटरची खोली बुडाली. वरच्या खडकवासला धरणातून विसर्ग होता ३५ हजार क्युसेकच्या (सेकंदाला घनफूट) आसपास. पूररेषा म्हणजे नदीला अमुक इतकं पाणी आलं तर ते कुठवर पोचेल, ती नकाशावरची रेघ. पुण्याची निळी पूररेषा ६० हजार क्युसेकची, लाल एक लाखाची. मग आम्ही एवढ्यातच कसे बुडालो? मी सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणून हे मलाच विचारलं गेलं, तेही चिखल उपसताना.

मीटर वर घ्यायचं ठरलं. पण किती वर? त्यासाठी पूररेषेचा नकाशा हवा.

एका कार्यालयात म्हणाले, "रेषा ते आखतात, आम्ही फक्त वापरतो." तिकडे गेलो तर, "आम्ही आखून दिली, आता ती त्यांची." असे तीन सोमवार गेले. चौथ्या खेपेला कागद हातात पडला: ए-फोर झेरॉक्स, दोन्ही रेघा काळ्या. "साहेब, यातली निळी कुठली?" लिपिकांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद ट्यूबलाइटसमोर धरला आणि म्हणाले, "नदीजवळची निळी समजा." समजा! रंगीत प्रत मागितली, तर तिचा दर ठरलेला नाही म्हणे. अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात साहेब रजेवर.

शेवटी माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, बस. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. माहिती दुसऱ्या खात्याकडे असेल तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवायचा असतो. आपण चपला झिजवायच्या नसतात. मुदत ३० दिवसांची, नकाशा आला एकोणतिसाव्या दिवशी. रंगीत!

हो, अर्जात नुसता 'नकाशा' लिहू नका. रेषेची समुद्रसपाटीपासूनची उंचीही मागा, नाहीतर सर्व्हेअर हात वर करतो. आणि पुराचा डाग धुवायच्या आधी खांबावर ऑइलपेंटने खूण करून ठेवा. आमच्या वॉचमननं ती आपणहून केली होती.

सर्व्हेअरनं अर्ध्या दिवसात लेव्हल लावली. निळी रेघ वॉचमनच्या खुणेपेक्षाही दीड फूट वर निघाली. म्हणजे आमचं पार्किंग मुळातच निळ्या पट्ट्यात. शिवाय धरणाखालच्या ओढ्यांचं आणि रात्रभराच्या पावसाचं पाणी विसर्गाच्या आकड्यात नसतं. २५ सप्टेंबर २०१९ ला पुण्यातल्याच आंबिल ओढ्याच्या पुरानं तर खडकवासल्याचा काही संबंध नसताना माणसं नेली. निळी रेघ पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, पण तो हिशेब जुन्या पावसाचा. हवा तापली की जास्त बाष्प धरते आणि एका रात्रीत ओतते. म्हणून मीटर लालच्याही दोन फूट वर घेतले.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी "आमच्याकडे कुठे पाणी येतं?" म्हणत वर्गणी अडवली होती. लिफ्ट नऊ दिवस बंद होती याची आठवण काकूंनी करून दिली. मीटर बसले तिथे, जिन्याजवळ, त्यांची सायकल असायची. ती आता खाली असते, निळ्या रेघेच्या बरीच खाली.