मुंडक्यांच्या दालनात: स्प्रिंगफील्ड, मिझुरी

अमेरिकेतल्या मिझुरी राज्याच्या नैर्ऋत्य भागात, ओझार्कच्या टेकड्यांमध्ये स्प्रिंगफील्ड वसलं आहे. 'रूट ६६' या जुन्या महामार्गाचं जन्मगाव म्हणून लोक इथे फोटो काढायला येतात. मी आलो होतो शिंगं बघायला.

'बास प्रो शॉप्स' या शिकार-मासेमारीच्या सामानाच्या अवाढव्य दुकानाला लागूनच 'वंडर्स ऑफ वाइल्डलाइफ' हे संग्रहालय आहे. २०१७ साली ते नव्या, विस्तारलेल्या रूपात उघडलं. मत्स्यालयापाशी पोरांची झुंबड होती, तिथे मी फार रेंगाळलो नाही. ज्या दालनासाठी एवढा प्रवास केला, त्याचं नाव 'नॅशनल कलेक्शन ऑफ हेड्स अँड हॉर्न्स'. भिंतभर मुंडकी: एल्क, मूस, कॅरिबू ही मोठी हरणं, डोंगरी मेंढे, आणि बायसन म्हणजे अमेरिकेतले रानटी गवे. आत शिरताच छातीवर दडपण येतं. एवढ्या काचेच्या डोळ्यांसमोर उभं राहायची सवय कुणाला असणार?

हा संग्रह उभारला विल्यम हॉर्नडे यांनी. हा माणूस मला सोपा वाटत नाही. १८८६ साली ते मोंटाना भागात गेले ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयासाठी बायसन मारून आणायला. बायसन संपत आलेत, तर निदान संग्रहालयात तरी चांगले नमुने असावेत म्हणून. पुढे तेच न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाचे पहिले संचालक झाले, आणि १९०७ साली तिथूनच १५ बायसन आगगाडीने ओक्लाहोमातल्या विचिटा डोंगरात पाठवले गेले, पुन्हा मोकळ्यावर सोडायला. मुंडक्यांचा संग्रह १९२२ साली ब्राँक्समध्ये लोकांसाठी खुला झाला. तो अर्पण केला होता जगातून नाहीशा होत चाललेल्या मोठ्या वन्यप्राण्यांच्या स्मृतीला. म्हणजे ही मुंडकी भिंतीवर आली ती मर्दुमकी मिरवायला नव्हे, श्रद्धांजली म्हणून. हे कळल्यावर मी त्या भिंतीकडे परत पहिल्यापासून बघायला लागलो.

मारलेलं प्रत्येक जनावर ट्रॉफी, म्हणजे मानाने मिरवावी अशी शिकार, नसतं. मग कुठलं असतं? उत्तर अमेरिकेत याचा निवाडा मुख्यतः शिकाऱ्यांचा 'बून अँड क्रॉकेट क्लब' करतो. १८८७ साली थिओडोर रूझवेल्ट आणि त्यांच्या मित्रांनी तो स्थापन केला. आज वापरात असलेली मोजणीची पद्धत १९५० पासूनची. दालनात एक वयस्कर स्वयंसेवक होते, स्वतः शिकारी. त्यांनी एका हरणाच्या शिंगांवर बोट फिरवत मला ती सगळी समजावली. आधी शिंगं साध्या खोलीत किमान ६० दिवस वाळू द्यायची, कारण ओल गेली की ती आकसतात. मग पोलादी फीत घेऊन मुख्य शिंगाची लांबी, प्रत्येक फाट्याची लांबी, ठरलेल्या जागांवरचा घेर आणि दोन शिंगांमधलं आतलं अंतर मोजायचं, तेही इंचाच्या आठव्या भागापर्यंत. या सगळ्या इंचांची बेरीज म्हणजे जनावराचे गुण. 'टिपिकल', म्हणजे नेहमीच्या सारख्या ठेवणीच्या शिंगांच्या वर्गात डाव्या-उजव्या शिंगात जेवढा फरक, तेवढे गुण वजा. ही वजाबाकी मला अजिबात पटली नाही. जनावराने कष्टाने वाढवलेलं हाड आपल्याला बेढब वाटतं म्हणून खोडून टाकायचं?

अस्वलाचं गणित वेगळं. कातडं ओढून ताणून हवं तेवढं लांबवता येतं, म्हणून तिथे फक्त कवटी मोजतात: खालचा जबडा काढून लांबी आणि रुंदी, दोन्हींची बेरीज. प्यूमा या रानमांजराच्या जातीतल्या मोठ्या जनावराचंही तसंच. मला हे फार शहाणपणाचं वाटलं. अस्वल समोर उभं होतं तेव्हा केवढं भयंकर दिसत होतं, याला काही किंमत नाही. हाड खोटं बोलत नाही.

पण मापात बसलं म्हणजे झालं असं नाही. जनावर मोकळं, रानटी हवं. उंच कुंपणाच्या आत पाळून मारलेलं बाद. खोल बर्फात, पाण्यात किंवा सापळ्यात अडकून असहाय झालेलं असताना मारलेलं बाद. विमानातून हेरून, जवळच उतरून मारलेलंही बाद. निसटून जायची खरी संधी त्याला मिळालेली असली पाहिजे. याला ते 'फेअर चेस' म्हणतात. कुंपणातल्या जनावरांची वेगळी नोंद ठेवणाऱ्या संस्थाही आहेत. माझ्या लेखी ती नोंद खाटीकखान्याची.

आणि आता ज्या गोष्टीने मला हलवलं ती. व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या 'नॉन-टिपिकल' वर्गाचा, म्हणजे वेड्यावाकड्या फाट्यांच्या शिंगांचा, जागतिक विक्रम याच मिझुरी राज्यातला आहे: ३३३ ७/८ गुण. हा नर १९८१ साली सेंट लुइस काउंटीत मेलेला सापडला. कुणा शिकाऱ्याने मारला नव्हता. दुसऱ्या क्रमांकावरचा ३२८ २/८ गुणांचा नर ओहायोतला. तोही १९४० साली रेल्वेमार्गाजवळ मेलेलाच मिळाला. नोंदवहीत शिकाऱ्याच्या नावाच्या रकान्यात अशा वेळी नुसतं 'पिक्ड अप', म्हणजे सापडलेलं, असं लिहितात. क्लबला यात काही वावगं वाटत नाही, कारण गुण जनावराचे असतात, बंदूकवाल्याचे नव्हेत.

हे ऐकून मला खरंच बरं वाटलं. नराची शिंगं दर हिवाळ्यात गळतात आणि वसंतात नव्याने फुटतात. पूर्ण ताकदीची शिंगं यायला पाच-सहा वर्षं सहज लागतात. तेवढी वर्षं तो बंदुका, मोटारी आणि लांडगेकोल्हे यांना चुकवत जगलेला असतो. फीत मोजते ती त्याची वर्षं, त्याच्या रानातला चारा आणि त्याच्या बापजाद्यांचं रक्त. म्हणूनच मी स्वयंसेवकांना विचारलं, मग मारायचं कशाला? ते रागावले नाहीत. म्हातारा नर घ्यायचा आणि तरणा सोडायचा, हाच तर या साऱ्या मोजमापाचा हेतू, असं ते म्हणाले. त्यांनी स्वतः कितीतरी नर सोडून दिले होते, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा खुलला.

पण हा हेतू नेहमी साधत नाही. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात राम माउंटन नावाचा डोंगर आहे. तिथल्या बिगहॉर्न, म्हणजे वेटोळ्या मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्यांचा दशकानुदशकं अभ्यास झाला आणि २००३ साली त्याचे निष्कर्ष 'नेचर' या नियतकालिकात आले. तिथे नियम होता की शिंगाचं वेटोळं चार पंचमांश झालं की मेंढा मारता येतो. ज्यांची शिंगं भराभर वाढायची, ते मेंढे पुरती पिलावळ व्हायच्या आतच या मापात बसायचे आणि मारले जायचे. मागे उरले लहान शिंगांचे, आणि पुढच्या पिढ्या त्यांच्याच वाढत गेल्या. १९९६ पासून तिथे पूर्ण वेटोळ्याची अट आली.

दालनातल्या मेंढ्यापाशी मी हे बोललो, तेव्हा स्वयंसेवकांनी त्याच्या शिंगावरची कडी दाखवली. मेंढ्याचं शिंग गळत नाही. दर हिवाळ्याला त्यावर एक खाच उमटते, आणि त्या खाचांवरून वय काढता येतं. आम्ही दोघांनी मिळून त्या मोजल्या. माझं मत तिथेच पक्कं झालं: नोंदवहीत इंचांच्या आधी वयाचा रकाना हवा. त्यांना ते मान्य होतं. फक्त हरणांच्या बाबतीत दात तपासावे लागतील, म्हणाले, आणि लगेच एक जबडा आणायला आत गेले.